बाल्कनीच्या कठड्यावरचा फ्लॅश

मी फ्लॅश बोलतोय. मोबाइलच्या पाठीवरची ती टिकलीएवढी दिवटी नव्हे. तिला फ्लॅश म्हणणं म्हणजे काडेपेटीला वणवा म्हणणं झालं. मी खराखुरा. वीतभर उंचीचा, पोटात चार सेल घेऊन बसणारा, मान हवी तिकडे वळवणारा. एरवी माझं बोलणं पापणी लवायच्या आत संपतं. आज मात्र जरा लांबण लावणार आहे. ऐकून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर झाला. एका बाईने माझ्या डोक्यात काचेची नळी बसवली, दुसरीने तारा जोडल्या, तिसरीने बटण दाबून मला पहिल्यांदा चमकवलं आणि स्वतःच दचकून मागे सरकली. शेजारच्या बायका खो खो हसल्या. जन्मल्या जन्मल्या माणसाला दचकवलं. पुढे आयुष्यभर तेच केलं.

माझे पहिले मालक म्हणजे मास्तर. गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ होता. मास्तर मला कॅमेऱ्याच्या टाळक्यावर बसवायचे आणि समोरच्याच्या थोबाडावर धाडकन उजेड मारायचे. चेहरा पीठ फासल्यासारखा पांढरा, मागे भिंतीवर भुतासारखी काळी सावली, डोळे लालबुंद. गिऱ्हाईक फोटो हातात घेऊन विचारायचं, "मास्तर, हा मीच का हो?"

"उजेड आला ना? मग झालं!" मास्तर म्हणायचे.

मलाही तेव्हा वाटायचं, झालं. अक्कल नव्हती.

मग स्टुडिओत एक मुलगी काम शिकायला आली. आज तिचं वय चाळीस आहे, पण तिच्या आईच्या तोंडी ती अजून छकुली, म्हणून माझ्याही तोंडी छकुलीच. एक दिवस ती म्हणाली, "मास्तर, हा कॅमेऱ्यावरून काढून बाजूला ठेवला तर?"

"फ्लॅश कॅमेऱ्यावर नाही बसवायचा तर काय पानात वाढायचा?"

मास्तरांचा डोळा लागल्यावर तिने मला लांब वायर जोडली, एका हाताने बाजूला उंच धरलं आणि खुर्चीवर डुलक्या घेत बसलेल्या मास्तरांचाच फोटो काढला. त्या फोटोत मास्तरांना नाक होतं, गालाला गोलाई होती, कपाळावरच्या आठ्या एकेक मोजता येत होत्या. मास्तर तो फोटो कितीतरी वेळ बघत राहिले. पुढे स्टुडिओ बंद केला, त्या दिवशी त्यांनी मला तिच्या हातात दिलं. "घे. मला याचं फक्त वजन माहीत होतं. तुला याचं काम कळलंय."

तिथून माझी खरी नोकरी सुरू झाली. मोठमोठी सभागृहं, हजार-हजार खुर्च्यांची. खोलीत बरं असतं, छताला नाहीतर भिंतीला उजेड मारला की तो मऊ होऊन माणसावर उतरतो. सभागृहाचं छत चाळीस फुटांवर, तेही काळं. त्याला उजेड मारा, तो वर जातो आणि परत यायचं नावच काढत नाही. म्हणून छकुलीने आणखी दोन फ्लॅश आणले आणि आमची तिघांची जोडणी ठरवली. मी बाल्कनीच्या डाव्या कठड्यावर, दुसरा उजव्या कठड्यावर, तिसरा रंगमंचावर मागच्या पडद्याच्या कडेला, म्हणजे माणसाच्या खांद्यांना उजेडाची किनार येते. कॅमेऱ्यावर रेडिओचा छोटा डबा. ती खाली बटण दाबणार आणि आम्ही तिघं तीन कोपऱ्यांतून एकदम चमकणार. बघणाऱ्याला वाटावं, या सभागृहात उजेडच चांगला आहे हो!

आमच्या धंद्यात एक नियम आहे. उजेड दिसावा, फ्लॅश दिसू नये. छकुली प्रत्येक फोटोच्या कडा तपासायची. कुठे माझं टोक जरी डोकावलं तरी, "फ्लॅश आलाय. काप." लाखभर फोटोंना मी उजेड दिला असेन. एकातही मी नव्हतो.

"काप" हा हुकूम सुटायचा तो बहुतेक आईला. छकुलीची आई इस्पितळाच्या धुलाईखान्यात तीस वर्षं चादरींना इस्त्री करत होती. निवृत्त झाली आणि दुसऱ्या दिवशी लेकीच्या मदतीला हजर. मला काठीवर लावून उंच धरणं, कठड्याला बांधणं, सेल बदलणं, सगळं ती करायची. जगभरची माणसं तिला मावशी म्हणतात. हिच्यासारखी मदतनीस मी पाहिली नाही. तासभर हात वर धरील पण काठी हलायची नाही. तोंड मात्र अखंड चालू.

आणि हीच बाई फोटोत उभी राहिली की संपलं! माझा उजेड पडायच्या आधीच तिचे डोळे गच्च मिटायचे. मोजून आधी. लेकीचं बोट बटणाकडे निघालं की हिला कसं कळायचं कोण जाणे. लग्नातला फोटो, डोळे मिटलेले. तान्ह्या छकुलीला मांडीवर घेऊन काढलेला, तसाच. तिचा नवरा होता तेव्हा म्हणायचा, "हिचा फोटो काढायचा तर सरळ रात्री झोपल्यावर काढावा, निदान तोंड तरी वाकडं नसतं." सगळे हसायचे, तीही हसायची.

मग एक दिवस हसणं थांबलं. डॉक्टरांनी तिचे डोळे तपासले आणि छकुलीला बाजूला घेऊन सांगितलं, डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करावंच लागेल, त्यानंतर त्या डोळ्यात काय उरेल ते आत्ता सांगता येत नाही. मी पिशवीत होतो, सगळं ऐकलं. छकुलीने घरी येऊन सगळे जुने फोटो काढले, एकेक बघितला आणि कपाळाला हात लावला. आईचे उघडे डोळे तिच्याकडे एकाही फोटोत नव्हते.

आणि महिना संपायच्या आत होता पदवीदानाचा समारंभ. आईचाच! एकसष्टाव्या वर्षी. घरी बसून, इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकं मांडून, सहा वर्षांत बाईने इतिहासाची पदवी मिळवली होती. आणि त्या समारंभाच्या फोटोंचं काम छकुलीला मिळालेलं. चारशे बारा पदवीधर, प्रत्येकाचा एकेक फोटो. आईचा नंबर तीनशे एकाहत्तर.

"या वेळी डोळे उघडे पाहिजेत आई," छकुली म्हणाली. "फ्लॅश लांब आहेत, उंच आहेत. तुला दिसणारसुद्धा नाहीत. तू फक्त पदवीकडे बघ."

"बघते गं बाई. तू आधी तुझं काम बघ."

सकाळी दहाला आम्ही सभागृहात पोचलो. आईच्या अंगावर पदवीधरांचा काळा पायघोळ झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, आणि तशा अवतारात बाई मला काखेत मारून बाल्कनीचा जिना चढायला लागली.

"आई, आज तरी राहू दे! मी बांधते."

"आणि मी काय खुर्चीत बसून माश्या मारू? तू मागचा लाव जा."

तिने मला डाव्या कठड्यावर बसवलं, पट्ट्याने करकचून आवळलं, वर काळी चिकटपट्टी मारली. आणि इथेच घात झाला. माझ्या कुशीत एक बारीक खटका आहे. तो वर असला की मी फक्त छकुलीच्या रेडिओचं ऐकतो. खाली असला की समोर कुणाचाही फ्लॅश चमकला तरी माझ्या छातीवरच्या छोट्या काचेच्या डोळ्याला तो दिसतो आणि मी वेड्यासारखा त्याच्यामागे चमकतो. चिकटपट्टी दाबताना आईचा अंगठा खटक्यावर पडला. खटका खाली. एरवी ती शेवटी एकदा डोकावून बघायचीच. त्या दिवशीही बघितलं. पण खटका आला तिच्या डाव्या अंगाला, आणि डाव्या डोळ्याने कुठे काय दिसत होतं तिला! आणि दिसत नाही हे लेकीला सांगेल तर ती आई कसली.

मला तोंड नाही. असतं तर तिथेच ओरडलो असतो.

अकराला दारं बंद झाली. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची, तेव्हा घराघरांत खिशात मावणारे छोटे कॅमेरे होते. खाली हजार नातेवाईक बसलेले आणि त्यांतल्या शंभरांच्या हातात तरी तसला कॅमेरा. मला घाम फुटला म्हणा.

कुलसचिव माइकवर आले. कपाळावर कायमची आठी. म्हणाले, "एकदा नाव पुकारल्यावर जो रांगेत नसेल, त्याची पदवी पुढच्या आठवड्यात कार्यालयाच्या खिडकीत मिळेल. नाव पुन्हा घेतलं जाणार नाही. कृपया कुणीही विनंती करू नये."

आणि सुरू झालं. नाव, पावलं, कुलगुरूंचा हात, पदवी, क्लिक. दर सहा सेकंदांना एक माणूस. माझ्यासारख्या जुन्या गड्याला एकदा चमकल्यावर पुन्हा दम भरायला चार सेकंद लागतात. हिशेब अगदी बेताचा होता, पण होता. आणि इकडे प्रत्येक नावाला कुणाचा तरी काका, कुणाची तरी आत्या उठून आपला छोटा फ्लॅश मारणार आणि त्याच्यामागे मी, मूर्खासारखा, भप्प! छकुली एकदा चमकवत होती, लोक मला अर्ध्यामुर्ध्या दमावर तीनदा चमकवत होते.

शंभर झाले. दोनशे झाले. माझं डोकं तापायला लागलं. माझ्या पोटात कारखान्याने एक पहारेकरी बसवलाय. मी ठरावीक तापलो की तो मला कुलूप लावतो. मग वीस मिनिटं हूं नाही की चूं नाही.

तीनशेच्या आसपास मी पहिल्यांदा चुकलो. छकुलीने बटण दाबलं, मी नुकताच एका मामाच्या नादाने चमकून बसलो होतो, पोटात दम नव्हता. पदवी घेणाऱ्या पोराचा अर्धा चेहरा काळा पडला. तिने पडद्यावर बघितलं आणि झटकन वर माझ्याकडे बघितलं. पण जागा सोडून ती येणार कशी? सहा सेकंदांत पुढचा माणूस उभा. त्याच्या घरच्यांसाठी तोच एक क्षण. तिने घाईघाईने दोन पावलं उजवीकडे सरकून बघितलं, कॅमेऱ्याची बटणं फिरवून बघितली. दर तिसरा-चौथा चेहरा अर्धा जात होता. लांबूनही तिच्या मानेची ताठलेली शीर मला दिसत होती. हे असंच चाललं तर मी तीनशे सत्तरच्या आत बंद पडणार, आणि मग उरलेल्या चाळीस जणांचे फोटो गेले. आईचाही गेला. लाज वाटत होती मला, खरंच सांगतो.

बाल्कनीखालच्या दारापासून रंगमंचाकडे पदवीधरांची रांग उभी होती. त्या रांगेत आई. तिचं लक्ष रंगमंचाकडे नव्हतंच. तीन वर्षं माझ्यासोबत काढलेली बाई ती, माझी लय तिला पाठ. एक क्लिक, एक चमक. तिने वर बघितलं, पुन्हा बघितलं, आणि तिला कळलं. तिच्या ओठांवरून मला स्पष्ट वाचता आलं: "अगं आई गं. खटका."

तिच्या मागे उभी असलेली मुलगी इतिहासाचीच, नातीच्या वयाची. आई तिला म्हणाली, "माझी जागा धर. आलेच."

"मावशी, तीनशे पंचावन्न चाललाय! नाव गेलं की संपलं, ऐकलंत ना?"

"माझ्याच हाताने झालंय ते. पोरांचे फोटो काळे होताहेत."

आणि ती निघाली. त्रेचाळीस पायऱ्या आहेत त्या जिन्याला. बाईचे गुडघे काय लायकीचे आहेत ते मला ठाऊक होतं. पायघोळ झगा दोन्ही हातांनी वर धरलेला, टोपी तिरकी झालेली. तीनशे साठ. तीनशे चौसष्ट. मला तिचा श्वास ऐकू यायला लागला. माझं प्लास्टिक आता वितळेल असं वाटत होतं. तीनशे अडुसष्टला ती माझ्यापाशी पोचली.

तिने खटका चाचपडला. सापडेना. डोळा दगा देत होता. भलताच खटका दाबला तर आणखी गोंधळ, हे तिला कळत होतं. मग तिने एक शहाणपणा केला. कठड्यावरच्या चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि माझ्या छातीवरच्या काचेच्या डोळ्यावर चापकन चिकटवला. मला एकाएकी सभागृहातला एकही फ्लॅश दिसेनासा झाला. काका, मामा, आत्या, सगळे गडप. फक्त छकुलीचा रेडिओ तेवढा ऐकू येत राहिला. हुश्श!

पुढच्या क्लिकला मी बरोबर चमकलो. त्याच्या पुढच्याही. खाली छकुलीच्या लक्षात आलं की डावी बाजू पुन्हा जागेवर आलीय. कुणी केलं म्हणून तिने वर बघितलं.

आणि तेवढ्यात माइकवरून आईचं नाव पुकारलं गेलं.

आई माझ्यावर हात ठेवून उभी होती, तोंडात चिकटपट्टीचा उरलेला तुकडा. तिने तो थुंकला आणि कठड्यावरून वाकून, धुलाईखान्यात हाळी द्यावी तशी ओरडली, "अहो, थांबा! इथे आहे मी! आले!"

हजार माना वर वळल्या. छकुलीचा कॅमेराही वळला. तिने ठरवून काही केलं नाही, हाताच्या सवयीने बोट पडलं. मी चमकलो, पडद्याकडेचा तिसराही चमकला आणि त्याचा तिरपा उजेड थेट बाल्कनीपर्यंत आला.

"गैरहजर," कुलसचिव म्हणाले. "पुढचं नाव..."

पुढचं नाव त्या मुलीचं होतं. ती पायरीशी आली आणि थांबली. हलेचना.

"चला," कुलसचिव म्हणाले.

"मावशी येऊ देत, मग मी."

"नियम सांगितला होता."

"ऐकला होता सर. मी इथेच उभी आहे."

तिच्या मागचा मुलगाही थांबला. रांग थांबली. कुणी घोषणा दिली नाही, टाळी वाजवली नाही, नुसते उभे. सभागृहात ऐकू येत होत्या त्या फक्त जिन्यावरून उतरणाऱ्या आईच्या चपला. फट, फट, फट. मी पायऱ्या मोजत होतो. विसाव्या पायरीवर ती दम खायला थांबली, तेव्हा मीही मोजणी थांबवली. कुलसचिव कुलगुरूंच्या कानाशी लागले. कुलगुरूंनी त्यांच्या हातातली पदवी काढून घेतली, दोन पावलं पुढे येऊन पायरीच्या तोंडाशी उभे राहिले आणि म्हणाले, "या, सावकाश या."

आई आली. टोपी अजून तिरकीच. पदवीला हात लावला आणि छकुलीने थांबत थांबत तीन फोटो काढले. मला दम भरायला भरपूर वेळ मिळाला होता. तिन्ही वेळा मी असा चमकलो, की आयुष्यात कधी चमकलो नसेन.

संध्याकाळी घरी दोघी पडद्यासमोर बसल्या. मी टेबलावरच होतो. चारशे बारापैकी एकोणीस चेहरे अर्धे काळे आले होते, ते छकुलीने नंतर कष्टाने उजळले. आणि आईचे तीन फोटो? उजेड नंबर एक. झगा झकास. डोळे गच्च मिटलेले, कुणी कडू काढा पाजतंय तसे. तिन्हींत.

छकुलीला रडू फुटलं. "एकदा गं आई! एकदा तरी उघडे ठेवायचेस!"

"जाऊ दे गं. पदवी मिळाली ना? डोळे आहेत तिथे आहेत."

"आज आहेत!" छकुली बोलून गेली. आईने पदराचं टोक तिच्यापुढे केलं. तिला ठाऊक होतं सगळं. आपल्याला वाटतं आयांना कळत नाही.

छकुली डोळे पुसत एकेक फोटो मागे नेत होती. आणि मध्येच तो आला. बाल्कनीचा कठडा, त्यावरून वाकलेली आई, तोंड ओरडायला उघडलेलं, टोपी कानावर, आणि डोळे! टक्क उघडे. दोन्ही. काळेभोर, घाबरलेले, हजार माणसांकडे रोखलेले. ती आपलं नाव वाचवायला ओरडत होती, फोटो निघतोय हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"अगंबाई," आई म्हणाली. "ही मी?" बराच वेळ ती उजवा डोळा बारीक करून बघत राहिली. मग सवयीने म्हणाली, "कोपऱ्यात फ्लॅश आलाय बघ. काप."

"नाही कापणार," छकुली म्हणाली.

तो फोटो आता भिंतीवर आहे. त्यात मी आहे. माझ्यावर आईचा हात आहे आणि माझ्या काचेच्या डोळ्यावर काळी पट्टी.

ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याचं काही खरं झालं नाही. चेहरे, अक्षरं, रंग सगळं गेलं. उजेड आणि अंधार तेवढा कळतो. मीही निवृत्त झालो. नळी पिवळी पडली, एकदा चमकलो की अर्धा मिनिट धापा टाकतो. छकुलीकडे आता नवे, हुशार फ्लॅश आहेत. मला त्या फोटोखालच्या फळीवर जागा मिळाली आहे. तक्रार नाही. तुम्हाला एवढंच सांगतो, चांगला फोटो दिसला की चौकटीच्या बाहेरही जरा बघा. तिथे कुणीतरी हात वर धरून उभं असतं.

बाकी माझं एकच काम उरलंय. कधीतरी दुपारी आई फळीशी येते, माझ्यात सेल घालते आणि माझं डोकं समोरच्या पांढऱ्या भिंतीकडे वळवते. मग भिंतीकडे तोंड करून उजवा डोळा तळहाताने झाकते आणि लेकीला हाक मारते, "छकुले, दाब गं."

मी असेल नसेल तो दम गोळा करतो आणि चमकतो. सगळी भिंत उजळते. जन्मभर माझ्या आधी मिटणारा तो डोळा आता मिटत नाही.

"दिसलास रे बाबा," ती म्हणते. "दिसलास."